गाठ न सोडणारा होडीवाला

हात थरथरतो तो माणूस प्यालेलाच असणार, असं समजून मी आचऱ्याच्या खाडीवर एका होडीवाल्याला सगळ्या उतारूंदेखत दारुडा म्हणालो. दारूबंदीचे दिवस होते आणि मी नवा मास्तर. उपदेश करायला एवढं पुष्कळ होतं.

त्यानं उजवा हात पंच्यानं वल्ह्याला बांधला होता. गाठ दातांनी आवळत तो म्हणाला, “मास्तरांनु, पियत होतंय तेव्हा ह्यो हात घट्ट होतो. सोडून चार दिस झाले, म्हणान कापता.”

पलीकडच्या काठावर माडांत चोरटा गुत्ता होता. होडी जवळ येताच गुत्तेवाला ओरडला, “ये रे, वायच घे! हात थाऱ्यावर येतलो.”

होडीवाल्याच्या कपाळावर घाम आला. एरवी तो उडी मारून होडी काठाला ओढायचा. आज त्यानं गाठच सोडली नाही.

“कापांदे! माका उतरूचा नाय!”

आम्हीच गुडघाभर पाण्यात उतरलो. मला भरून आलं. तपकिरीची चिमूट ओढून मी म्हणालो, “मनात आणलं की व्यसन सुटतं, हे सगळ्यांनी याच्याकडून शिकावं.”

टोपली डोक्यावर घेत एक मासेवाली म्हणाली, “आधी नाक पुसा, मास्तरांनु.”