दादांचा आवाज, आठ चॅनलवर

आमच्या दादांचा आवाज बिघडलाय, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा दादांना जाऊन काही महिने झाले होते.

दादा म्हणजे माझे वडील. मखमलाबादकडे आमची गुलाबाची आणि शेवंतीची शेती. दिवसभर फुलं आणि संध्याकाळी देवळात भजन, असं त्यांचं आयुष्य. त्या भजनाची एक कॅसेट कपाटात सापडली. मी ती कॉम्प्युटरवर उतरवली, हॉलमधल्या स्पीकरवर लावली आणि दचकलो. आवाज वर चढताना डगमगत होता आणि खाली येताना सरळ घसरत होता! मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. (असा माणूस घरात असला की साधा दोष साधा राहत नाही.) दोष यंत्रात आहे, असं मी ताबडतोब ठरवून टाकलं.

गावातला एक रेकॉर्डिंग स्टुडिओ बंद होत होता. तिथून मी आठ चॅनलचा कन्व्हर्टर उचलून आणला. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करणारी ही पेटी. घरगुती पेटी दोन वाटांनी आवाज सोडते, ही आठ वाटांनी. म्हणजे खोक्यातल्या प्रत्येक लहानमोठ्या स्पीकरला स्वतंत्र वाट, स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर! शिवाय माइक जोडायची सोय.

"माणसाला कान दोन असतात," माझी बायको वैशाली म्हणाली. "आठ वाटा कशाला?"

"दादांसाठी."

मी ते गमतीनं म्हणालो नव्हतो. दादा अचानक गेले, शेवटचं बोलणं राहूनच गेलं. निदान आवाज तरी धड ऐकू यावा, एवढंच मनात होतं.

मग हॉलभर मनगटाएवढ्या वायरी पसरल्या. खोलीत आवाज कसा घुमतो ते मोजायला मधोमध माइक उभा राहिला. रोज संध्याकाळी मी 'सुंईं' आणि 'ढब्ब' असे आवाज सोडायचो आणि आलेख बघायचो. आलेख सुधारत गेले. दादा मात्र जिथे घसरायचे तिथेच घसरत राहिले.

वर्षश्राद्ध आलं. नांदगावहून आत्या आली, अण्णाकाका आले, भजनी मंडळातली दादांची सोबती मंडळी आली. "हा माइक सगळ्यांच्या पायात येतोय," म्हणत वैशालीनं तो वायरीसकट नेऊन स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला. मी मान हलवली. (तेव्हा मी टेबलाखाली शिरून वायरी तपासत होतो. त्या अवस्थेतला माणूस कशालाही मान हलवतो.)

पिंडदान झालं. कावळा घास घेऊन गेला. पानं वाढायला अवकाश होता, म्हणून मी उभा राहिलो.

"आता दादांचा आवाज ऐकायचाय," मी म्हणालो. "डोळे मिटा."

सगळ्यांनी डोळे मिटले. अण्णाकाकांनी टोपी सारखी केली. मी पेटीचं बटण फिरवलं. ते कॉम्प्युटरकडे फिरवायचं होतं. घाईत ते माइककडे फिरलं.

"भाताला पाणी लय झालंय!"

आत्या! आठही वाटांनी! अण्णाकाकांनी डोळे न उघडता हात जोडले. आत स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, वर एक्झॉस्ट फॅनची घरघर. आतल्या बायकांना कसलाच पत्ता नव्हता.

"संजू काय करून राहिला बाहेर?" आत्यानं विचारलं.

"यांचा आवाज दुरुस्त करतोय," हा आईचा आवाज. "बेसूर येतो म्हणतो."

आत्या अशी हसली की हॉलमधली खिडकीची काच थरथरली. "अगं वहिनी, दादा बेसूरच व्हता! देवळात त्याच्या हातात टाळ दिले ते त्यानं गाऊ नाय म्हणून. तरी गायचाच!"

मंडळातल्या एका म्हाताऱ्यानं डोळे मिटूनच मान डोलावली. मी घाईघाईनं बटणाकडे हात नेला. तेवढ्यात आई म्हणाली,

"मला काय माहीत नाही का, वन्सं? पण त्याला कसं सांगू? पोरगं बाप शोधतंय त्या पेटीत. शोधू दे. मलाही घरात यांचा आवाज लागतो. बेसूर तर बेसूर."

माझा हात बटणावरच राहिला. अण्णाकाकांनी टोपी काढून तिनंच डोळे पुसले.

मग मी बटण योग्य बाजूला फिरवलं. दादा गाऊ लागले. काय तो आवाज! प्रत्येक घसरण काचेसारखी स्वच्छ! दार उघडून आई ओल्या हातांनी बाहेर आली, तिच्यामागे आत्या. आई खाली बसली, डोळे मिटले आणि दादांबरोबर हळूहळू गुणगुणू लागली. मंडळानं अभंग उचलून धरला. वर्षभरात पहिल्यांदाच मीही छाती भरून मोकळा आवाज लावला.

आत्या तडक माझ्यापाशी आली. "हे कुठून बंद करायचं रे?"

"आत्या, आज दादांना बंद करतेस?"

"दादाला नाय रे बाबा," आत्या म्हणाली. "तुला!"