पाच वाजताची सही

आमच्या एजन्सीच्या पाटीवर 'सुरक्षा आणि गुप्तचर सेवा' असं लिहिलेलं आहे. गुप्तचर म्हणजे सोयरीक जमण्याआधी मुलाची चौकशी करणं, एवढंच. बाकी सगळा कारभार परभणीतल्या गोदामांच्या दारात खुर्ची टाकून बसणाऱ्या रखवालदारांवर चालतो. त्यांचा मी प्रमुख. मालक पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. निर्णय ते फोनवर सांगतात, कागदावर सही मात्र माझी असते. पूर्वी मला याचा अभिमान वाटायचा. मूर्खपणा, दुसरं काय!

रखवालदाराने दर तासाला फेरी मारायची आणि रजिस्टरात त्या वेळेसमोर सही करायची, असा नियम. एका मॅनेजरने कोरा रकाना पाहून मला एकदा चारचौघांत झापलं. तेव्हापासून मीच सगळ्यांना सांगून ठेवलं, "सकाळी आलात की दिवसभराच्या सह्या करून टाका, मग निवांत फेऱ्या मारा." रजिस्टर एकदम स्वच्छ दिसायला लागलं. मालकांनी माझी पाठ थोपटली.

बियाण्यांच्या एका गोदामावर पेडगावचा रखवालदार होता. दहावी झालेला, मोजकं बोलणारा, कुठलाही कागद ओळ न ओळ वाचणारा. मीच त्याला कामाला लावलं होतं. एका दुपारी अडीचला तिथून फोन आला, पाण्याची मोटर गायब आहे. मी पोचलो तर मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं आणि पाच वाजताच्या सहीवर बोट ठेवलं.

"पाचची फेरी मारून आलाय हा. आत्ता किती वाजलेत?"

रखवालदार माझ्याकडे बघत होता. मी सांगितलं होतं, एवढे तीन शब्द बोलायचे होते. बाहेर येऊन मी मालकांना फोन लावला. या वेळी मात्र ते म्हणाले, "प्रमुख तुम्ही आहात. निर्णय तुमचा. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट पाहिजे."

आमच्यात जबाब चौकशी करणारा लिहितो. ज्याचा जबाब, तो फक्त सही करतो. मी लिहिलं, 'पुढच्या वेळेच्या सह्या मी स्वतःच्या मनाने केल्या.' अक्षरही नीट काढलं. त्याने कागद सावकाश वाचला आणि त्या ओळीवर थांबला.

"तुमी लिवलंय म्हंजे कायतरी इचार असंल, साहेब," तो म्हणाला. "पुढचं तुमी बघतालच."

त्याने सही केली, खाली मी केली. संध्याकाळी त्याला काढल्याचं पत्र निघालं. असा माणूस कुणी ठेवू नये म्हणून शहरातल्या बाकीच्या एजन्सींना त्याचा फोटो जातो. तोही मीच पाठवला.

चार दिवसांनी मोटर सापडली. गोदामाच्याच वायरमनने ती कुणाला न सांगता दुरुस्तीला नेली होती. मी तडक मालकांकडे गेलो, त्याला परत घेऊ म्हणालो.

"चोरीसाठी कुठं काढलंय त्याला?" मालक शांतपणे म्हणाले. "खोट्या सह्यांसाठी काढलंय. तुम्हीच लिहिलंय तसं."

खरं बोलायची ही दुसरी संधी होती. तीही मी घालवली. मला माझी खुर्ची प्यारी होती, हे सरळच लिहून टाकतो.

पेडगावला गेलो तेव्हा तो बायकोसोबत ऊसतोडीला निघायच्या तयारीत होता. दारात भांड्यांचं पोतं बांधत होता. त्याने मला बसायला बाज दिली, पाणी दिलं. मोटर सापडली, असं मी सांगितलं.

"कळलं मला," पोत्याची गाठ आवळत तो म्हणाला. "साहेब, एक इचारू? मी तर वाचून सही केली हुती. तुमी वाचून केली का न्हाई?"

"वाचून केली."

"मग झालं."

त्याने पोतं खांद्यावर घेतलं. त्याची बायको कुलूप हातात घेऊन उभी होती. बाज आत ठेवायची होती, म्हणून मी उठलो.