भटवाडीतला पोर्टरहाऊस

धोंडू केळुसकराने एकतीस वर्षं बोटीवर देशोदेशीच्या साहेबांना स्टेक भाजून घातले, आणि त्याच्या पोटच्या मुलीने सहा वर्षांत त्याच्या घरी कपभर चहासुद्धा घेतला नव्हता. आता बोला! हाताला चव असून करायचं काय, घरचं माणूसच जेवायला बसत नसेल तर?

घाटकोपरला भटवाडीत चाळ पाडून बांधलेल्या बिल्डिंगीत चौथ्या मजल्यावर तो एकटा राहायचा. बाप गिरणीत होता, गिरणी बसली, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी धोंडू कुणाच्या तरी वशिल्याने बोटीवर बटाटे सोलायला लागला. सोलता सोलता चीफ कुक झाला. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी, असा संसार केला त्याने वनमालाबरोबर. लोक म्हणायचे, केळुसकरांचं बरंय, भांडायला वेळच नाही. वनमाला हसायची. तिला दुसरं काय करता येणार होतं?

बोटीवर शनिवार स्टेकचा. त्यातला पोर्टरहाऊस म्हणजे धोंडूचा जीव की प्राण. खाली चहाच्या टपरीवर कुणी विषय काढायचा अवकाश, हा सुरू. "मधे इंग्रजी टीसारखा हाड. एका अंगाक लोण्यासारखा मऊ मांस, दुसऱ्या अंगाक जाड, चावूचा लागता, पण चव त्यात. दोन्ही अंगं एकाच तव्यावर बरोबर उतरूक व्हयी. मऊ अंग आधी होता, म्हणून ता आचेपासून जरा लांब धरूचा." ऐकणारे मान डोलवायचे आणि शेवटी एकजण हटकून विचारायचा, "पण काका, वाटप कधी घालायचं?" धोंडू कपाळाला हात लावायचा.

बोटीवरचं ते मांस मोठ्या जनावराचं. वनमालाने लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं, "तिकडे काय ते करा. माझ्या भांड्यांना त्याचा वास लागता नये." धोंडूने ते पाळलं. घरी कधी आणलं नाही, आणि बोटीवरही स्वतः कधी तोंडात घातलं नाही. बोटाने दाबून सांगायचा, झाला की नाही. ती गेल्यावरही त्याने तो नियम मोडला नाही. तेवढं एक तरी तिचं ऐकलं म्हणायचं.

कारण जे ऐकायला हवं होतं, ते ऐकलं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी वनमाला आजारी पडली, तेव्हा मानसीने बोटीवर फोन केला होता, "बाबा, या." धोंडू म्हणाला होता, एवढी फेरी संपली की येतो. शेवटची फेरी होती, त्यानंतर निवृत्ती. वनमाला स्वतः फोनवर म्हणाली होती, मी बरी आहे, सावकाश या. बायका म्हणतात तसं. शहाण्याने त्यावर विश्वास ठेवायचा नसतो, याने ठेवला. तो आला तो तेराव्याच्या दिवशी. अग्नी मानसीनेच दिला होता.

मानसी बापाला टाकणारी नव्हती हं. नवऱ्याबरोबर मुलुंडला राहायची, पवईला नोकरी, पण महिन्यातून एकदा बापाच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या घेऊन यायची म्हणजे यायची. दारातच चप्पल अर्धी काढून उभी राहायची. "बस गो बाय," धोंडू म्हणायचा. "नको बाबा, जेवून आलेय." सकाळी नऊला आली तरी जेवून आलेली. धोंडू नवस बोलला नव्हता एवढंच. पोरीने एकदा, फक्त एकदा, या घरात बसून चार घास खावेत, याखेरीज त्याला आता आयुष्यात काही नको होतं.

आणि परवा बुधवारी तिचा फोन आला. गोळ्यांचं बोलून झालं, फोन ठेवायच्या बेतात होती, आणि सहज म्हणाली, "आज ऑफिसच्या लोकांबरोबर स्टेक खाल्ला. नुसता चिवट. तुम्ही करायचात तो पण असाच का हो?"

सहा वर्षांत तिने त्याच्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न! धोंडू म्हणाला, "खंयच्या मेल्यान भाजलो? रविवारी दुपारी ये, दाखवतंय तुका."

मानसी म्हणाली, "येते. बघू."

त्यातलं 'येते' तेवढं धोंडूने ऐकलं. 'बघू' त्याने ऐकलंच नाही.

रविवारी सकाळी तो नाक्यावर अनंतच्या दुकानात. अनंत मटणवाला म्हणजे भटवाडीचा राजा, रविवारी त्याच्याकडे लाइन. मोठं जनावर घरात चालत नाही, तर बोकडाचा पोर्टरहाऊस करायचा, असं धोंडूने ठरवलं होतं. हाड तेच, दोन अंगं तीच, आकार तेवढा लहान. कंबरेचा भाग दाखवून तो म्हणाला, "हितून आडवो काप. हाडासकट. तीन बोटां जाड. दोन तुकडे."

"हो काका," म्हणत अनंतने एक जाड तुकडा कापला, आणि हाताची सवय ती, सत्तूर फिरवून खटाखट त्याचे सहा करून टाकले. रश्श्याचे.

"शिरा पडो तुझ्या तोंडार!" धोंडू ओरडला. लाइन हसायला लागली. "अरे, सांगितलंय काय, करतोस काय?"

"काका, एवढा मोठा पीस शिजणार कसा? कुकरला आठ शिट्ट्या लागतील."

"कुकर घाल तुझ्या डोक्यात! तव्यावर भाजूचो हा."

"बोकडाचं मटण तव्यावर?" अनंतने लाइनीकडे बघून डोळा मारला. "काका, दात आहेत ना सगळे?" पण मग धोंडूचा चेहरा बघून मस्करी सोडली. "कोण येतंय?"

"चेडू येतलां, मानसी," धोंडू म्हणाला.

अनंतने आतून दुसरा बोकड काढला, कोवळा, आणि नीट मोजून दोन तुकडे कापून दिले.

घरी येऊन धोंडूने ते फडक्याने टिपून कोरडे केले, दोन्ही बाजूंनी जाडं मीठ चोळलं आणि उघडेच ठेवून दिले. आलं नाही, लसूण वाटलेली नाही, हळद नाही. सगळ्या बिल्डिंगीत कांदाखोबरं भाजल्याचा वास सुटला होता आणि याच्या ओट्यावर मिठातले दोन तुकडे. बटाटे उकडले. टेबल पुसलं, दोन ताटं मांडली. मग उगाच खिडकीत गेला. मग परत येऊन ताटं पुन्हा पुसली. एकटा माणूस, एका ताटाची सवय. दुसरं ताट बघूनच त्याला भरून येत होतं.

साडेबाराला बेल वाजली. मानसी आली. अर्धी चप्पल काढून उभी राहिली, मग दुसरीही काढली. धोंडूने ते पाहिलं आणि तवा चढवायला आत वळला. बोललो तर परत घालेल, अशी भीती.

ती स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभी राहिली. बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापला, धोंडूने चिमट्यात तुकडा धरून आधी चरबीची कड टेकवली, मग आडवा टाकला. चर्रर्र! मग काय, स्वारीला स्फुरण चढलं. लोणी टाकलं, लसणाच्या चार पाकळ्या ठेचून टाकल्या, तवा कलता धरून वितळलेलं लोणी चमच्याने मांसावर सोडत राहिला. तोंड चालूच. अंगठा मधल्या बोटाला लावून तळव्याचा फुगवटा तिला दाबायला लावला. "एवढो घट्ट लागलो की मध्यम. करंगळीक लावलंस तर पुरो शिजलेलो. आमचो ग्रीक कॅप्टन होतो, तेका लालभडक व्हयो. पोलंडचो चीफ इंजिनियर, तेका करपलेलो, चपलेसारखो. सेकंड मेट मध्यम, पण लसूण नको. बावीस माणसां, पण एकाक परत विचारुचा लागला नाय कधी. सगळा हय," त्याने कपाळावर बोट ठेवलं. "बोल, तुका कसो व्हयो?"

"आईला मटण कसं आवडायचं?" मानसीने विचारलं.

धोंडूने तुकडे तव्यावरून काढून ताटलीत ठेवले. "आता आठ मिनटां हात लावूचो नाय. रस आत मुरता."

"बाबा, आईला कसं आवडायचं?"

"तिखट," तो म्हणाला. "झणझणीत."

"ते तुम्हाला. आई मटण खायचीच नाही. तुम्ही सुट्टीवर आलात की करायची, आणि तुमच्या पंक्तीला नुसता रस्सा-भात खायची. तुम्ही गेलात की आमच्या घरात पुढचे नऊ महिने मटण नसायचं."

धोंडूच्या हातात चिमटा होता, तो त्याने ठेवला, परत उचलला. बावीस माणसं पाठ होती मेल्याला! आणि घरचं एक माणूस होतं, एकच.

आठ मिनिटांतली दोन झाली असतील. हाताला काही काम नव्हतं, म्हणून असेल कदाचित, पण सहा वर्षं जे विचारायचं धाडस झालं नव्हतं ते त्याने विचारलं. "बाय, तू माझ्याकडे जेवत कित्याक नाय? राग आसा तर शिव्या घाल. पण जेव."

"राग होता. आता नाहीये." मानसी दाराच्या चौकटीकडे बघत बोलत होती. "हॉस्पिटलात शेवटचे चार दिवस मी पेज घेऊन जायचे. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायची. म्हणायची, हे येतायत ना, हे आले की जेवेन. मी खोटं सांगायचे, बाबा विमानात बसलेत, तू एक घास घे. म्हणायची, मग थांबते की, आलेच ते. चार दिवस, बाबा. तशीच गेली."

धोंडूने तव्याखालचा गॅस बंद केला.

"आणि तुम्ही तेराव्याला आलात. प्रवासाने दमला होतात, भूक लागली होती. बॅग ठेवलीत आणि म्हणालात, वाढा. मीच वाढलं तुम्हाला. तुम्ही पोटभर जेवलात. त्यात चूक काही नाही, भूक लागतेच माणसाला. पण तेव्हापासून या घरात मला घास गिळवत नाही. तुम्हाला दुखवायला नाही करत मी. दोनदा घरून ठरवून निघाले होते, आज जेवायचं म्हणून. नाही होत."

धोंडूला आठवलं. वडे होते. त्याने मागून घेतले होते. कुणी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं की वनमाला शेवटी काय म्हणाली. विचारायला भ्यायला होता. आता त्याला अशी लाज वाटली, की पोरीसमोरून कुठे निघून जावं तर दारात तीच उभी. तो सिंकपाशी गेला आणि उगाच नळ सोडून हात धूत राहिला. बराच वेळ धूत राहिला.

"बाबा, नळ बंद करा," मानसी म्हणाली. "गार होतंय. तुम्ही जेवा. मी बसते."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा. धोंडूने दोन्ही ताटं वाढली. ती रिकाम्या हाताने, समोर भरलेलं ताट, त्याला शिवली नाही. धोंडू तिच्यासमोर बसला. सुरी घेतली, काप काढला, आतून गुलाबी, जसा हवा तसा. तोंडात घातला.

"कसा झालाय?"

"म्हायत नाय गो," तो म्हणाला. "मी कधी खाल्लंच नाय. आज पयल्यांदा." आणि मग डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही, कारण दोन्ही हात खरकटे होते.

ती उठली नाही. मुलुंडचं पाणी सकाळी फक्त तासभर येतं, असं काहीतरी सांगत राहिली. नवऱ्याची बदली होईल कदाचित. नाही झाली तर बरं. धोंडू हुं हुं करत जेवत होता. मऊ अंग संपलं. जाड अंग संपलं. बोलता बोलता तिने एकदा घड्याळ पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की ताट संपलं की ती निघणार. त्याने तिच्यासमोरचं ताट हलकेच आपल्याकडे ओढलं.

"दोन्ही खाणार? डॉक्टरने काय सांगितलंय?"

"टाकूचा काय?"

पोटाला तडस लागली होती, दात दुखत होते. तरी तो एकेक एवढासा काप काढायचा आणि सावकाश चावायचा. ती त्याला नाक्यावरच्या नव्या मेडिकलचं सांगत होती. दुसरं ताटही संपलं. मग त्याने हाड उचललं.

"झालं का बाबा?"

"नाय गो," धोंडू म्हणाला. "आसा अजून थोडा." आणि कोरडं हाड चोखत बसला.