नदीकडे की डोंगराकडे

माझी मोठी बहीण एका हॉटेलच्या धुलाईघरात काम करते. दिवसभर उभं राहून चादरी इस्त्रीच्या मशीनमध्ये सोडायच्या. घरी आली की पर्स खुंटीला अडकवते आणि म्हणते, "आता मला कुणी काही विचारू नका." विचारायला घरात असतात फक्त भावजी.

भावजी बेकरीची व्हॅन चालवायचे आणि उरलेला वेळ आगगाड्यांत घालवायचे. कॉम्प्युटरवर त्यांचा ट्रेन सिम्युलेटर होता, म्हणजे आगगाडी चालवण्याचा खेळ. त्यात गाडी चालवता येते, आणि एडिटर उघडला की आपला मार्गही बांधता येतो. रूळ, पूल, सिग्नल, सगळं. कुठेही नसलेल्या दोन गावांमधला एक मार्ग ते कित्येक वर्षं बांधत होते. मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, बोलताना शब्द हुलकावणी द्यायला लागले, आणि मार्ग अर्ध्यावर राहिला.

"त्यांना बोलतं ठेवा, आवडीच्या गोष्टीवर बोलू द्या," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. मग काय, ताईने स्वतःच माऊस हातात घेतला. भावजी सांगणार, ती रूळ टाकणार.

काम नेमकं जंक्शनचं आलं. मुख्य मार्गातून एक फाटा काढायचा होता.

"डावीकडे," भावजी म्हणाले.

ताईने रूळ डावीकडे ओढले. भावजींनी टेबलावर हात आपटला. "डावीकडे!"

"अहो, डावीकडेच टाकलेत."

त्यांना उजवीकडे म्हणायचं होतं. झटक्यानंतर त्यांची डावी-उजवी उलटायची, तीही दरवेळी नाही. ताई टाकलेलं पुसायची, पुन्हा टाकायची. दोन रुळांची टोकं तंतोतंत जुळली तरच सांधा बसतो. केसाएवढी फट राहिली की गाडी घसरलीच. रोज संध्याकाळी हेच.

एका शनिवारी मी त्यांची औषधं घेऊन गेले, तेव्हा ताईच्या संयमाचा बांध फुटला होता. "तिकडे चादरी सरळ करा, इकडे रूळ सरळ करा. मी काय तुमचा हात आहे का?"

भावजी बराच वेळ शब्द शोधत राहिले. "हो," ते म्हणाले.

ताई उठून आत गेली आणि तिने नळ सोडला. धुवायला काही भांडी नव्हती, हे मला माहीत होतं. भावजी पडद्याकडे बघत बसले. "नको... तिला. दमते," मला म्हणाले.

मी आत गेले. ताईने तोंड धुतलं होतं. "चिडायलाही ताकद लागते गं," ती म्हणाली, आणि पदराने तोंड पुसत परत येऊन बसली.

पडद्यावर मार्गाच्या एका अंगाला भावजींनीच पूर्वी काढलेली नदी होती, दुसऱ्या अंगाला डोंगर. ताई थोडा वेळ बघत राहिली.

"हे बघा," ती म्हणाली, "डावं-उजवं सोडून द्या. फाटा नदीकडे न्यायचा की डोंगराकडे?"

"नदीकडे," भावजी म्हणाले. लगेच, न अडखळता.

रूळ नदीकडे वळले. तरी टोकं जुळायला बराच वेळ गेला. भावजी "वर" म्हणत, "जरा खाली" म्हणत, मधेच चुकत. शेवटी सांधा बसला. पहिली गाडी वळणावर आडवी झाली, कारण वळण फार आवळलं होतं. ताई ते पुसून पुन्हा घालत बसली नाही. "हळू चालवा की," म्हणाली, आणि वळणावरच्या पाटीवरचा वेग कमी केला. दुसरी गाडी सांध्यावरून रखडत रखडत फाट्याला लागली आणि नदीच्या कडेने निघून गेली.

भावजींचा डावा हात ताईच्या मनगटावर होता. कधी ठेवला, मी पाहिलं नाही.

"स्टेशन... राहिलं," ते म्हणाले.

"राहू दे," ताई म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची पाळी होती. तिने कॉम्प्युटर बंद केला.