आईचे निरोप उतरवताना
काल खणात फोन कॉम्प्युटरला जोडायची वायर सापडली आणि शेलू गावच्या घरातली ती सकाळ आठवली. ताईला जन्मापासून दिसत नव्हतं; तिचा फोन पडद्यावरचं सगळं तिला वाचून दाखवायचा, इतक्या भरभर की मला त्यातलं अक्षर कळत नसे. त्या दिवशी मोठं अपडेट आलं होतं, त्यात वाचनाचा नवा मराठी आवाज होता, आणि ताई सणासारखी खुशीत होती. पण आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तिने बोलून पाठवलेले सगळे निरोप त्या एकाच फोनमध्ये होते; अपडेटमध्ये पुसले गेले तर, म्हणून ते आधी माझ्या कॉम्प्युटरवर उतरवायचं ठरलं. बाहेर भाताची झोडणी चालली होती, खिडकीतून पेंढ्याचा कोरडा वास येत होता. "झालं, सगळ्या निरोपांची नावं दिसतायत," मी म्हणालो. "नावं दिसून मला काय रं? वाजव की!" मी एक निरोप वाजवला. काहीच ऐकू आलं नाही. दुसराही मुकाच. "बघ रं डोळस माणसा! आता अपडेट दाबलं असतं मग?" ती हसली, पण माझं मनगट तिने घट्ट धरलं होतं. सगळं पुन्हा उतरवलं, पुन्हा वाजवलं, आणि खोलीत आई बोलली, "साजगाववरून निघाली मी, कुकर लाव गं." ताईने टाळीच वाजवली. "दुसरा लाव! आता तिसरा!" शेवटचा निरोप ऐकून झाल्यावरच तिने अपडेटवर बोट टेकलं. आता ताईही गेली, आणि काल त्याच वायरने मी तिने मला बोलून पाठवलेले निरोप माझ्या फोनवरून उतरवून घेतले. नावं सगळी दिसतात. वाजवून बघायचं धाडस अजून झालेलं नाही.