ड्रिलमास्तरांचं युनानी गोऱ्हं

युनान देश कुठं आणि आमचं गाव कुठं! पण निजामाच्या राज्यात हिंगोलीच्या आमच्या शाळेला हैदराबादेहून एक ड्रिलमास्तर आले आणि तो देश थेट आमच्या गोठ्यात येऊन बसला. आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

युनानी म्हटलं की आम्हा पोरांना हकिमाचं कडू औषध माहीत. मास्तरांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात भलतंच वाचलं होतं. जुन्या युनानात, म्हणजे ग्रीसमध्ये, एक पहिलवान होता म्हणे. तो नुकतं जन्मलेलं वासरू रोज उचलायचा. वासरू वाढत गेलं, तशी त्याची ताकद वाढत गेली आणि शेवटी तो अख्खा बैल खांद्यावर घेऊन फिरला. मास्तरांना एवढं पुरे झालं. "घर में नया बछडा किसके है?" त्यांनी विचारलं. पेठेतली पोरं हुशार, माना खाली घालून बसली. हात वर केला तो मी. आ बैल मुझे मार म्हणतात ते यालाच.

"हर रोज उठाव मियाँ," मास्तर म्हणाले. "ओ बढता जाइंगा, तुम बी बढते जाइंगे. इन्स्पेक्टर साहब के सामने उठाके बताना."

उचलली जीभ लावली टाळ्याला! वासरू माझ्या बापाचं होतं, मास्तरांचं नव्हे. आमच्या घरी बैल एकच, दुसरा शेजाऱ्याचा. दोन्ही बैल जोडून दोघांची सावडीची शेती. आधी त्याची पेरणी व्हायची, मग आमची, म्हणून दरसाल आमचंच पीक मागं. त्या साली दिवाळीच्या सुमारास गायीला लाल गोऱ्हं झालं तेव्हा बाप म्हणाला होता, "आता आपली सोताची जोडी व्हईल." घरात दुसरं बोलणंच नव्हतं. गोऱ्ह्याचं नाव शाळेत निघालं म्हणून तो उलट खूश झाला. "उचल की. पाडू नको मात्र, पाय मोडंल त्याचा."

पहिला महिना गमतीत गेला. मी उचललं की गोऱ्हं माझी मान चाटायचं. दुसऱ्या महिन्यात गुडघे लटपटायला लागले. त्या पहिलवानाला म्हणे रोज परातभर मटण लागायचं. मला ज्वारीची भाकर आणि ठेचा, गोऱ्ह्याला मात्र गायीचं ताजं दूध. मग वाढणार कोण? ही साधी गोष्ट पुस्तकात नव्हती. मोडक्यातोडक्या उर्दूत मी मास्तरांना सांगून पाहिलं, की ते माझ्यापेक्षा लवकर वाढून राहिलंय. "बहाना नक्को," म्हणून त्यांनी शिट्टी फुंकली. स्वतः जन्मात कधी कोंबडीसुद्धा उचलली नसेल त्यांनी, पण रोज वर्गात येऊन विचारायचे, "उठाया?"

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गोऱ्हं उचललंच गेलं नाही. वर्गात मी खोटं सांगितलं. पण इन्स्पेक्टरसमोर काय सांगणार? सगळी शाळा हसली असती. तेव्हा मला जी अक्कल सुचली, तिला काय म्हणावं! माझी ताकद वाढत नाही ना, मग त्याचं वजनही वाढू द्यायचं नाही.

धार काढताना आई एक थान गोऱ्ह्यासाठी सोडायची आणि चरवी घेऊन घरात जायची. त्याला सोडणं, पाजणं, परत बांधणं हे माझं काम. चार घोट झाले की मी दावं ओढायचो. ते मान ताणायचं, हंबरायचं, मी खुंट्याला बांधून पळायचो. त्याच्या पुढ्यातला हिरवा चाराही गुपचूप गायीला टाकायचो. आई म्हणायची, "यंदा गाय लई दूध देऊन राहिली बाई." बाप म्हणायचा, "काहून भरंना हे गोऱ्हं? जंत झाले का काय?" त्यानं वावडिंग पाजलं. लाज वाटायची, नाही असं नाही. पण सकाळी ते उचललं जायचं आणि तो आनंद लाजेपेक्षा मोठा होता. हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

होळीनंतर इन्स्पेक्टर साहेब आले. बाप धुतलेला पटका बांधून गोऱ्ह्याला घेऊन दोन कोस चालत आला. मैदानात मी खाली बसलो, त्याचे चारी पाय छातीशी धरले आणि उठलो. एक फेरी मारली. टाळ्या पडल्या. "हुजूर, पाँच महिने का बछडा!" मास्तर ओरडले. बाप मात्र पुढं आला आणि त्यानं गोऱ्ह्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

"साहेब, पाच महिन्याचं गोऱ्हं लेकराच्यानं उचलवत न्हाई," तो म्हणाला. "जाणत्या गड्याच्यानंबी न्हाई."

"येइच तो युनानी तरीका है!" मास्तर हसले.

बाप माझ्याकडे वळला. "दूध पाजत व्हतास ना रं?"

मी खाली वाकून दावं गोळा करू लागलो. त्याला कळायचं ते कळलं.

परतताना गोऱ्हं ओढ्यापाशी बसलं ते उठेना. मी उचलायला वाकलो, तर ते थरथरलं आणि बापाच्या पायामागं मान घालू लागलं. "ऱ्हाऊ दे," बाप म्हणाला. "भेव वाटून राहिलं त्याला तुझं." मग त्यानंच ते खांद्यावर घेतलं आणि गावापर्यंत नेलं.

बापानं मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तो स्वतः गोऱ्ह्याला पाजायला बसायचा. ते जगलं, पण अंगानं भरलं नाही. तीन वर्षांनी मानेवर जू ठेवलं, तर वावराच्या अर्ध्यात त्यानं गुडघे टेकले. बाप पुन्हा शेजाऱ्याकडे बैल मागायला गेला. मीही बरोबर होतो. "काहून, तुझं घरचं गोऱ्हं व्हतं की," शेजारी म्हणाला, "त्याचं काय झालं?"

"जातच बारीक निघाली त्याची," बाप म्हणाला. आईलाही त्यानं शेवटपर्यंत तेच सांगितलं.