हौसामावशींचं खळं आणि सातवी टोपली

“आजून एक ताट खळ्यात पडू दे, बांधावर काट्या रचून वाट बंद करते बघा.”

हौसामावशी हे बांधावर उभ्या राहून सांगत होत्या आणि त्यांच्या हातात आमची केशरी डिस्क होती. आमच्या सगळ्या डिस्कना त्या ताट म्हणतात. त्यांच्या अंगणात अशी बरीच ताटं कोंबड्यांना पाणी पाजायच्या कामाला लागली होती, हे मी स्वतः पाहिलं होतं. परत मागायची छाती मात्र झाली नव्हती.

मी ताम्हिणीच्या अलीकडे एका रिसॉर्टवर अॅक्टिव्हिटी मॅनेजर आहे. म्हणजे शनिवार-रविवारी पुण्याहून येणारी माणसं दमवायची, हसवायची आणि धडधाकट परत पाठवायची. त्याआधी मी शाळेत पीटी शिकवायचे. काम तेच आहे, फक्त आताचे विद्यार्थी वयानं मोठे आणि जास्त हट्टी आहेत.

दोरीवरून लटकणं आणि कयाक सगळ्याच रिसॉर्टवर असतं. म्हणून मी हट्टानं आमच्याकडे डिस्क गोल्फचा कोर्स करून घेतला. हा गोल्फचाच गरीब भाऊ. चेंडूऐवजी प्लॅस्टिकची जड तबकडी फेकायची, आणि भोकाऐवजी खांबाला लावलेली, साखळ्या सोडलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत जो तबकडी टोपलीत टाकेल तो जिंकला. हिरवळ राखावी लागत नाही, खड्डे खणावे लागत नाहीत. माळ आणि झाडं देवानं दिलेलीच होती.

आमचे जनरल मॅनेजर कदम सर यांना मात्र त्या माळावर लग्नाचं लॉन दिसत होतं. “मॅडम, साखळ्यांच्या टोपल्यांत कोण फोटो काढणार? तिथे फुलांची कमान पाहिजे,” असं ते दर सोमवारच्या मीटिंगमध्ये म्हणत. शेवटी त्यांनी निकाल लावला. त्या शनिवारी एक आयटी कंपनी खास डिस्क गोल्फसाठी येणार होती. त्यांचे मोठे साहेब स्वतः खेळणारे होते. तो दिवस नीट गेला तर टोपल्या राहतील, नाहीतर भंगारात जातील.

आणि नेमकी सहाव्या टोपलीकडून सातवीकडे जायची वाट होती हौसामावशींच्या बांधावरून. दुसरीकडून जायचं तर करवंदाच्या जाळ्या आणि खाली घसाऱ्याचा उतार. मावशींनी काट्या लावल्या की माझा कोर्स अर्ध्यातच खलास.

मावशींचा राग खोटा नव्हता. भाताची कापणी झाली की शेतातला एक तुकडा चोपून, शेणानं सारवून खळं करतात. तिथे दगडावर भाताच्या पेंढ्या आपटून दाणे पाडायचे, म्हणजे झोडणी. दाण्यांची रास घालायची आणि तिची पूजा झाल्याशिवाय माप लावायचं नाही. खळ्यात पायताण घालून कुणी जात नाही. आणि आमचे पाहुणे बुटांसकट उडी मारून, “सॉरी आंटी” म्हणत डिस्क उचलून यायचे. मी मावशींच्या जागी असते तर काट्या कधीच लावल्या असत्या.

डिस्क खळ्याकडेच का जातात, याचं कारण साधं होतं. सातव्या टोपलीवर दुपारनंतर घाटातला वारा थेट तोंडावर येतो. समोरून वारा लागला की उजव्या हातानं फेकलेली साधी डिस्क उजवीकडे कलंडते. उजवीकडे खळं होतं.

यावर उपाय होता ओव्हरस्टेबल डिस्कचा. ही डिस्क वाऱ्याला जुमानत नाही. उजव्या हातानं फेकली की शेवटी हटकून डावीकडेच वळते, रानातून सुटलेली म्हैस गोठ्याकडे वळते तशी. पण त्यातही दोन जाती. एक मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची. दुसरी अॅप्रोच पटर, म्हणजे टोपलीच्या जवळ नेऊन ठेवण्यासाठीची, जाड आणि बोथट कडेची. सातवीला यातली कोणती, यावर माझं आणि आमचा इन्स्ट्रक्टर इरफान याचं जुंपलं.

इरफान मिडरेंजच्या बाजूचा. “मॅडम, ही वारा कापत जाते. कमी जोर लागतो. पाहुण्यांचे हात कीबोर्डचे, त्यांना पटर पोचवता येणार नाही.”

“न पोचू दे. गवतात पडेल. गवताला पूजा नाही करत कुणी.”

गुरुवारी दुपारभर आम्ही दोघं दोन्ही प्रकार फेकत बसलो. मिडरेंज खरंच देखणी उडायची. वाऱ्यात सरळ घुसायची, शेवटी डावीकडे कडक वळण घ्यायची. पण नोव्हेंबरची जमीन ठणठणीत. कड टेकली की ती पाण्यावर चपटा दगड फेकून भाकऱ्या काढाव्यात तशी टणाटण उसळत करवंदाच्या जाळीत शिरायची. काढताना इरफानचे दोन्ही हात ओरबाडले. माझ्या बाजूनं तो मोठाच पुरावा झाला.

पटर तेवढीच डावीकडे वळायची, पण दमानं. आणि पडली की बसायची. उसळणं नाही, घरंगळणं नाही. जिथे पडली तिथे मुक्काम.

मावशी बांधावर बसून सगळं बघत होत्या. “ही बसकी बरी हाय,” त्या म्हणाल्या. “ती दुसरी लई उंडगी.”

एवढं सर्टिफिकेट मला पुरे होतं. शुक्रवारी मी सातव्या टीवर, म्हणजे जिथून फेकतात तिथे, पाटी ठोकली: ‘येथून फक्त रिसॉर्टची अॅप्रोच पटर वापरावी. नियम सर्वांना सारखा.’ खाली टोपलीकडे सरळ बाण काढला. मावशींना नेऊन दाखवलं. “आता तुमच्या खळ्यात एक ताट आलं तर माझं नाव बदला,” म्हणाले. नको तिथे जीभ लांब करायची माझी सवय जुनीच.

शनिवारी बस आली. मोठे साहेब, संदीप सर, पन्नाशीचे, मिश्कील डोळ्यांचे. पाठीवर डिस्कची स्वतःची बॅग. पहिल्या सहा टोपल्या त्यांच्यासोबत इरफान होता. मी मुद्दाम सातवीवर जाऊन थांबले होते. कदम सरही गाडी लावून लांबून बघत होते.

इरफान मागे राहिलेल्या पाहुण्यांना आणत होता, तोवर संदीप सर पुढे आले आणि त्यांनी स्वतःच्या बॅगेत हात घातला. मी पटर पुढे केली.

“पण मॅडम, मला ही—”

“सर, सातवीवर नियम सर्वांना सारखा. इथल्या वाऱ्याचा आमचा अभ्यास आहे.”

“हो, पण मी—”

“सरळ टोपलीवर फेका, सर. बाकीचं डिस्क बघेल.”

त्यांनी पाटी वाचली. माझ्याकडे बघितलं. आणि वर्गातल्या सगळ्यात आगाऊ मुलाच्या तोंडावर येतं तसं हसू त्यांच्या तोंडावर आलं. “ओके. तुमची जबाबदारी हां,” म्हणाले.

त्यांनी डिस्क डाव्या हातात घेतली. मला वाटलं, उजव्या हाताचा घाम पुसत असतील. त्यांनी तोच हात मागे नेला आणि फेकलंसुद्धा.

उजव्या हातानं फेकलेली जी डिस्क हटकून डावीकडे वळते, तीच डाव्या हातानं फेकली की हटकून उजवीकडे वळते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच पाहुण्यांना शिकवते. पण मी उजवी, इरफान उजवा, आणि गुरुवारी दुपारभर आम्ही जगात फक्त उजवी माणसं आहेत असं धरून चाललो होतो.

पटर वाऱ्यात घट्ट राहिली. टोपलीच्या अलीकडे उजवीकडे वळली, बांध ओलांडला आणि बसली. मी कौतुक केलं होतं अगदी तशीच बसली. उसळली नाही, घरंगळली नाही. भाताच्या राशीच्या माथ्यावर, ठेवल्यासारखी.

मावशींनी हातातली पेंढी खाली ठेवली. सरळ करवंदाच्या काट्यांच्या ढिगाकडे गेल्या आणि एक फांदी ओढत वाटेकडे निघाल्या. माझ्या डोळ्यांसमोर फुलांची कमान उभी राहिली.

मी धावले. माझ्या मागे संदीप सर धावले. खळ्याच्या कडेला मी कुजबुजले, “सर, बूट.” त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि राशीला हात जोडले. एवढं शहाणपण त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

“कुनी टाकलं?” मावशींनी विचारलं.

“मी टाकलं, मावशी. चुकलं.”

“कुटल्या हातानं?”

संदीप सरांनी डावा हात वर केला. मावशींच्या हातातली फांदी थांबली.

“डावं हायसा व्हय?”

“हो.”

मावशी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या. मग फांदी टाकून दिली. “आमचं म्हातारं डावं हुतं,” त्या म्हणाल्या. “एका दगडावर आमी दोघं झोडायचो. मी हिकडनं, ते तिकडनं. हात आडवं येत न्हाईत. त्यांच्या मागं डावं कुनी गावलंच न्हाई.” त्यांचा आवाज जरासा खाली गेला.

दुसऱ्या क्षणी त्या होत्या तशा झाल्या. “खळ्यावर आलेल्या मान्सानं हात लावल्याबिगर जायचं नसतं. धरा पेंढी.”

संदीप सरांनी पेंढी धरली. पहिल्यांदा दाण्यांपेक्षा त्यांचाच घाम जास्त गळला. मग ताल जमला. मावशी उजवीकडून, साहेब डावीकडून, एकदा त्या, एकदा ते. एका दगडावर दोन माणसं आणि धक्का नाही.

“कुटं कामाला?” मावशींनी झोडता झोडता विचारलं.

“हिंजवडीला.”

“माजा पोरगा बी तितंच हाय. झोडनीला ये म्हनलं तर सुट्टी न्हाई म्हनतो. तुमाला बरी गावली?”

साहेबांचा ताल चुकला. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या टीममध्ये खसखस पिकली. हसणाऱ्या प्रत्येकाला मावशींनी बोटानं पुढे बोलावलं आणि एकेक पेंढी हातात दिली. बूट बांधावर ओळीनं लागले. आठवी आणि नववी टोपली कुणी बघितलीही नाही.

कदम सर धापा टाकत आले. क्लायंटचे मोठे साहेब अनवाणी, केसांत भाताचं कूस, हातात पेंढी. “मॅडम, हे काय चाललंय?”

“टीम बिल्डिंग, सर,” मी म्हणाले. दुसरं सुचलंच नाही.

संध्याकाळी मावशींच्या खळ्यावर झोडायला एक पेंढी उरली नव्हती. खळ्यावरून कुणाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत, म्हणून त्यांनी पूजा उरकून प्रत्येकाच्या रुमालात ओंजळभर भात घातला. साहेबांना दोन ओंजळी. बसमध्ये चढताना संदीप सर कदम सरांना म्हणाले, “पुढच्या वर्षी पुन्हा येणार. फक्त तुमच्या मॅडमना सांगा, माणसाला बोलू देत जा.”

टोपल्या राहिल्या. लॉन आता पार्किंगच्या मागे झालंय.

मी लगेच दुसरी पाटी करून घेतली: ‘डावखुऱ्यांनी आपली डिस्क वापरावी.’ ती ठोकायला गेले तर मावशी बांधावर आल्या.

“ही कशाला?”

“पुन्हा खळ्यात ताट येऊ नये म्हणून, मावशी.”

“ऱ्हाऊ द्या की. पयली हाय न्हवं? बास हाय.”

नियम करताना समोरचा कोणत्या हाताचा आहे ते आधी विचारावं, हा धडा मी घेतला. मावशींनी काय धडा घेतला ते यंदा कापणीनंतर कळलं. मी आणि इरफान सातवीवर गेलो, तर खळं जुन्या जागी नव्हतं. चांगलं ऐसपैस, नवं सारवलेलं खळं आमच्या टोपलीच्या उजव्या अंगाला, बांधाला अगदी लागून होतं. बांधावर मावशी बसल्या होत्या.

“म्याडम,” त्या म्हणाल्या, “औंदा ते डावं साहेब कवा यायचंत?”